बुर्गीचा उजवा पाय

बुर्गीचे पाय मोठे आहेत. आमच्या खोऱ्यात हे सगळ्यांना माहीत आहे, कारण ती स्वतःच सांगत फिरते. "देवाने मला उंची द्यायला घेतली आणि मध्येच त्याला कुणीतरी हाक मारली. उरलेला माल त्याने घाईघाईत पायात कोंबला." तिचा दीर कासियान याच्या बाबतीत उलटं झालं. माणूस दाराच्या चौकटीवर डोकं आपटेल एवढा उंच, पण पावलं शाळकरी पोराची. दोघांचे स्कीचे बूट शेजारी ठेवले तर तळ अगदी बरोबरीचे निघतात. या एका कारणामुळे विगिलने त्या दोघांची जोडी जमवली आहे. एकाच मापाचं बाइंडिंग, म्हणजे स्कीवर बूट अडकवायची पकड, दोघांपैकी कुणीही पाय टाकावा आणि निघावं.

विगिलचा स्कीचा कारखाना चर्चच्या खालच्या जुन्या लाकूडगिरणीत आहे. कारखाना म्हणजे एक दाबयंत्र, कडा घासायची चाकं आणि आम्ही थोडी माणसं. स्की किती वाकते, किती पीळ खाते, हे मोजायचं काम माझं. तिरोलच्या या कोपऱ्यात मोठ्या कंपन्यांच्या स्की दुकानांत रांगेने उभ्या असतात, त्यामुळे विगिल दर हिवाळ्यात एकच नवी स्की काढतो आणि तिच्यावर वर्षभर पोट भरतो. ती स्की कुठेही चालणारी हवी. सकाळी रात्रभर गोठलेल्या उतारावर धरून ठेवणारी, दुपारी खिरीसारख्या झालेल्या बर्फात न बुडणारी, आणि जंगलाच्या कडेने नवा बर्फ पडला तर तिथेही लाज राखणारी. अशी स्की जगात नाही हे विगिललाही माहीत आहे. म्हणून दर वर्षी त्याचं गाडं दोन नमुन्यांवर येऊन अडतं.

यंदाचे दोन्ही नमुने एकाच साच्यातून निघालेले. लांबी तीच, रुंदी तीच, बाक तोच. फरक फक्त पोटात. एका जोडीत लाकडाच्या वर आणि खाली अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे, दुसरीत पत्रा अजिबात नाही, लाकूड आणि जवसाचे धागे. माझ्या यंत्राने दोन्हींचे आकडे दिले. पण लोकांना कोणती आवडेल, हे यंत्राला कुठून कळणार? ते बुर्गीने आणि कासियानने सांगायचं.

विगिलचे यात दोन नियम आहेत. पहिला, दोन्ही जोड्या टोकापासून शेपटीपर्यंत काळ्या टेपने गुंडाळायच्या आणि वर कसलीही खूण करायची नाही. पूर्वी तो खडूने ठिपके करायचा. मग एका वर्षी कासियानने ठिपक्यावरूनच ओळखलं की महाग जोडी कोणती, आणि तिचीच तारीफ केली. तेव्हापासून ठिपके बंद. मी यंदा सुचवलं होतं, निदान शेपटीकडे काहीतरी असू दे. विगिल म्हणाला, "एक जोडी हिच्याकडे, एक त्याच्याकडे. खूण कशाला? लग्नात नवरानवरीच्या कपाळावर नंबर टाकतात का?"

दुसरा नियम असा, की सोमवारी दुपारी कारखान्यातल्या टेबलाशी बसेपर्यंत दोघांनी स्कीबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. एकाचं मत दुसऱ्याला लागतं, सर्दीसारखं, असं त्याचं म्हणणं.

बुर्गी हे काम पैशासाठी करत नाही. विगिल देतो ते म्हणजे एक जेवण आणि वर्षाच्या शेवटी हॅमचा एक तुकडा. तिचं खरं काम शिकवण्याचं. वरच्या शेवटच्या शेतघरात ती जन्मली, जिथून शाळेत जायचं तर पायाला फळ्या बांधूनच उतरावं लागे. पुढे ती खालच्या स्की-शाळेत शिकवू लागली. खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना तिने वळायला शिकवलंय, आणि उरलेल्या निम्म्यांना थांबायला. तिचा नवरा उतार सपाट करणारं यंत्र चालवायचा. तो गेल्यावर तिने घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली, उन्हाळ्यात वरच्या कुरणावर चीज विकायला बसू लागली, पण हिवाळा मात्र तिने कुणाला दिला नाही. हिवाळ्यात ती स्की-शाळेच्या लाल जाकिटातच.

मग एका दुपारी एक पाहुणा मागून येऊन तिच्यावर आदळला आणि तिच्या उजव्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली. एक अख्खा हिवाळा ती खिडकीशी बसून राहिली. यंदा परत आली, पण स्की-शाळेने तिला पायथ्याच्या मैदानावरची चिल्लीपिल्ली दिली. तिने कुरकुर केली नाही. नंतर जानेवारीच्या शेवटी शाळेची प्रमुख रेगिना तिला म्हणाली, "कार्निव्हलच्या सुट्टीत मोठ्यांचा गट आहे. आठवडाभर, अख्खा डोंगर, जंगलाच्या कडेचा बर्फसुद्धा. घेशील?"

रेगिना बुर्गीचीच विद्यार्थिनी. विचारताना तिने बुर्गीच्या गुडघ्याकडे पाहिलं नाही, आणि ते बुर्गीच्या लक्षात आलं.

"रविवारपर्यंत सांगते," बुर्गी म्हणाली. मनात तिने ठरवलं होतं, की विगिलची चाचणी याच दिवसांत आहे. तिच्यात गुडघा टिकला तर गट घ्यायचा. नाही टिकला तर लाल जाकीट कायमचं परत करायचं. अर्धवट काही ठेवायचं नाही. हे सगळं तिने मला मागाहून सांगितलं. तेव्हा आम्हाला कुणाला काहीच ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दोघं वर गेली. उतार काचेसारखा होता. बुर्गीच्या वाट्याला आलेली जोडी तिने पहिल्याच वळणात ओळखली, म्हणजे आत काय आहे ते नव्हे, तिचा स्वभाव. रुळावर घातल्यासारखी. डावीकडे झुका, उजवीकडे झुका, कड बर्फात शिरली की शिरली. गुडघा गप्प. खाली येऊन ती स्वतःशीच शीळ घालत होती.

मधल्या वेळेला दोघं वरच्या कुरणावरच्या खानावळीत गेली. आमच्याकडे खानावळीत शिरताना स्कीची जोडी एकत्र ठेवत नाहीत. एक स्की दाराजवळच्या कठड्याला, दुसरी लांबच्या कठड्याला. चोराला एक स्की घेऊन काय उपयोग? बुर्गी तर मुलांना वळण शिकवायच्या आधी हे शिकवते. दोघांनी त्याप्रमाणे आपापली जोडी फोडली, आत जाऊन चीजचे गोळे घातलेलं गरम सूप प्यायली, बाहेर आली, आणि प्रत्येकाने या कठड्यावरून एक, त्या कठड्यावरून एक काळी स्की उचलली.

त्यानंतर पहिल्याच उतारावर बुर्गीचा उजवा पाय थरथरला.

उजवीकडे वळताना भार डाव्या पायावर येतो, डावीकडे वळताना उजव्यावर. उजवीकडची वळणं अजूनही रुळावरची होती. डावीकडे झुकली की उजव्या पायाखालून टरटर टरटर, दगडी रस्त्यावर हातगाडी ओढावी तशी. ती थांबली. गुडघा चोळला. दुखत नव्हता. पुन्हा निघाली. पुन्हा तेच.

तारेवरून वर जाणाऱ्या खुर्चीवर बसल्यावर आणखीच विचित्र वाटलं. दोन्ही पाय हवेत लोंबत होते. डावा पाय स्कीच्या वजनाने खाली ओढला जात होता, नेहमीसारखा. उजवा मात्र हलका. पोकळ. जणू तिथे पायच नाही.

"काय गं वहिनी, गप्पशी?" कासियान शेजारी बसला होता. तिला चिडवायचं असलं की तो वहिनी म्हणतो, एरवी नुसतं बुर्गी.

"नियम आहे."

"नियम स्कीबद्दलचा आहे. दुसरं काहीतरी बोल."

"तुझी ती तांबडी गाय कशी आहे?"

"विकली की कधीच."

"मग काय बोलू?"

"नको बोलूस." कासियानने चष्मा काढला, हातमोज्याने पुसला, घातला, पुन्हा काढला. तोही त्या दिवशी काही फार बोलत नव्हता. पण स्वतःच्या पायाची चिंता लागलेल्या माणसाला दुसऱ्याचा चष्मा कुठे दिसतो?

बुर्गीने डोक्यात हिशेब मांडला. सकाळी पाय ठीक होता. दुपारी बिघडला. स्की तीच, उतार तोच, बर्फ तर उलट मऊ झालेला. मग बदललं काय? मी. थकले मी. एका सकाळीत थकले. तिने स्वतःला समजावलं, की झोपून उठलं की बरं होईल.

शनिवारी पहिल्या वळणापासून थरथर. ताजा पाय, ताजी सकाळ, आणि उजव्याखाली तीच हातगाडी. खानावळीत ती गेलीच नाही, कासियानने काही विचारलं असतं म्हणून. पिशवीतली पाव आणि हॅमची गुंडाळी खुर्चीवरच खाल्ली. दुपारी ठरल्याप्रमाणे पायथ्याशी दोघांनी जोड्यांची अदलाबदल केली. तिला आशा होती, की कदाचित ही पहिली जोडीच वाईट असेल. दुसऱ्या जोडीवर पाय शांत राहील.

दुसऱ्या जोडीवरही उजवा पाय तसाच थरथरला.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं, की तिचा तर्क बरोबर होता. दोन वेगळ्या स्की, दोन्हींवर तोच दोष, त्याच पायाखाली. मी मोजमाप करणारी बाई आहे. असे आकडे माझ्यासमोर आले असते तर मीही म्हटलं असतं, दोष स्कीत नाही, पायात आहे.

संध्याकाळी ती स्की-शाळेच्या कचेरीत गेली. रेगिना बूट काढत होती.

"माझं नाव काढ त्या गटातून."

"का गं? काय झालं?"

"पाय नाही राहिला."

"पडलीस?"

"नाही."

"दुखतोय?"

"नाही."

"सुजलाय?"

"नाही गं बाई, काही नाही. पण माझा नाही राहिला तो. कसं सांगू? मी त्याला सांगते धर, आणि तो थरथरतो."

"डॉक्टरला दाखव आधी. मग ठरव."

"पाय माझा आहे की डॉक्टरचा?" बुर्गीने लाल जाकीट काढून तिथल्या खुर्चीच्या पाठीवर टाकलं. "हे ठेव. पुढच्या वर्षी कुणा पोरीला बसेल."

"बुर्गी, उगाच नाटकं करू नकोस. थंडी आहे बाहेर. घाल ते."

"घर जवळ आहे," ती म्हणाली, आणि नुसत्या स्वेटरवर निघून गेली.

रविवारी खरं तर तिला वर जायचं नव्हतं. पण विगिलला दिलेला शब्द होता, आणि सोमवारी टेबलाशी बसून काही बोलायचं तर उरलेला दिवस पुरा करायला हवा. स्कीला डावं-उजवं नसतं. हाताला जी येईल ती पायात जाते. तिने शेडमधून स्की काढल्या, वर गेली, पाय टाकले आणि निघाली.

डावीकडे वळली. उजवा पाय रुळावर.

तिला वाटलं, भास झाला. पुन्हा वळली. रुळावर! तिचा जीव भांड्यात पडतोय तोवर ती उजवीकडे वळली आणि डाव्या पायाखालून हातगाडी सुरू झाली.

ती उताराच्या कडेला बर्फात बसून राहिली. वरून येणारी माणसं विचारत होती, "ठीक आहेस ना?" आणि ती हात हलवून त्यांना पुढे जायला सांगत होती. काल उजवा आजारी होता. आज उजवा बरा झाला आणि डावा आजारी पडला. आजार पायांतून असा घर बदलतो का? मग तिला वाटलं, मी दोन दिवस उजव्याला जपत सगळा भार डाव्यावर टाकला, म्हणून डावा संपला. पण मग उजवा एका रात्रीत बरा कसा झाला? आणि कालपर्यंत तो हलका वाटत होता, आज का नाही? आता डावा पोकळ वाटतोय. तिने दोन्ही गुडघ्यांवर मुठी मारून पाहिल्या. दोन्ही सारखेच दुखले. त्यातून काहीच कळलं नाही.

"मला वाटलं डोकंच गेलं," ती मला नंतर म्हणाली. "गुडघ्याचं चालेल, गुडघ्याला शस्त्रक्रिया आहे. पण डोकं गेलं तर कुणाला सांगायचं?"

सोमवारी दुपारी आम्ही टेबलाशी बसलो. विगिलने सूपचं पातेलं मध्ये ठेवलं, दोन्ही काळ्या जोड्या भिंतीशी उभ्या केल्या आणि हात चोळले. "हं, बुर्गी आधी. कोणती?"

"मला काही सांगायचं नाही."

"म्हणजे?"

"स्कीबद्दल मला काही सांगता येणार नाही. माझे गुडघे संपले. पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघ. उजवा शुक्रवारी गेला, डावा रविवारी."

कासियान हसला. "गुडघे काय हप्त्याहप्त्याने जातात?"

"तू हस. तुझे जातील तेव्हा मी हसेन."

"अगं पण गेले म्हणजे काय झालं?" विगिलने विचारलं.

"थरथरतात. कडक बर्फावर. डावीकडे वळलं की उजवा, टरटर टरटर. आणि उजवीकडे वळलं की काही नाही. रविवारी सगळं उलटं."

कासियानचा चमचा तोंडाशी जाता जाता थांबला. "डावीकडे वळलं की?"

"हो."

"आणि उजवीकडे रुळावर?"

"हो. तुला कसं माहीत?"

कासियानने चमचा खाली ठेवला. सूपकडे बघत म्हणाला, "माझं उजवीकडे वळताना होत होतं."

"काय होत होतं?"

"टरटर."

"मग बोलला का नाहीस?"

"नियम होता ना! आणि मला वाटलं..." तो घुटमळला. "मला वाटलं, चष्म्याचं आहे. एका डोळ्याला उतार वाकडा दिसतोय. मी आज सकाळी खाली जाऊन नंबर तपासून आलो."

"मग?"

"नंबर तोच आहे म्हणाला चष्मेवाला. उलट मला विचारलं, तुम्ही पिता का?"

विगिल माझ्याकडे वळला. "ही दोघं काय बोलताहेत, तुला कळतंय का?"

मला अर्धवट कळायला लागलं होतं. मी उठले, भिंतीशी गेले आणि एकाच जोडीतल्या दोन स्की दोन हातांत घेतल्या. एक हात खाली गेला. मी त्या तशाच विगिलच्या हातात दिल्या. त्याचाही एक हात खाली गेला. त्याने खिशातला चाकू काढला आणि दोन्हींच्या शेपटीवरची टेप कापली. एकीवर पत्र्याच्या नमुन्याचा क्रमांक, दुसरीवर जवसाच्या.

 विगिलने कपाळावर हात मारला.

"तीन दिवस! तीन दिवस तुम्ही दोघं एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून डोंगरभर हिंडलात?"

"खानावळ," बुर्गी म्हणाली. "शुक्रवारची खानावळ."

"मी माझी लांबच्या कठड्याला ठेवली होती," कासियान म्हणाला.

"मीही लांबच्या कठड्याला ठेवली होती."

"मग तू माझी उचललीस."

"तू माझी उचललीस. मी आधी बाहेर आले होते, माझ्यासमोर दोन होत्या, मी आपली घेतली."

"आपली कशावरून?"

"आणि तू कशावरून?"

"अरे पण जोडी फोडायची कशाला?" विगिल ओरडला. "काळ्या टेपने गुंडाळलेली स्की कोण चोरणार होतं?"

बुर्गीने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने विचारलं होतं, की घरातून निघताना दार कशाला लावायचं. "जोडी फोडतातच," ती म्हणाली. "आणि तू खूण का नाही केलीस?"

"नवरानवरीच्या कपाळावर..." मी बोलायला लागले, पण विगिलचा चेहरा बघून सूप वाढायला घेतलं.

कासियान मनापासून हसत होता. डोळे बरे होते त्याचे, त्या आनंदात. बुर्गी मात्र हसली नाही. ती दोन्ही हात टेबलावर ठेवून बसली होती.

"मग माझा गुडघा?"

"काय झालंय गुडघ्याला?" विगिल म्हणाला. "स्कीचा घोळ होता सगळा."

"ते मला नको सांगूस. शुक्रवारी मला वाटलं थकलाय, शनिवारी वाटलं गेला, रविवारी वाटलं दोन्ही गेले. आता तू म्हणतोस काहीच झालं नाही. मी कुणाचं ऐकू?" ती उठली. "टेप काढ सगळी. लिफ्ट बंद व्हायला अजून वेळ आहे."

सूप तसंच ठेवून आम्ही सगळे वर गेलो. मीही गेले, कारण मला पाहायचं होतं. उतारावर सावली आली होती आणि दुपारचा मऊ बर्फ पुन्हा गोठायला लागला होता.

आधी तिने पत्र्याची जोडी घातली, दोन्ही पायांत एकच. डावीकडे रुळावर, उजवीकडे रुळावर. शुक्रवारच्या सकाळसारखं. खाली आली, जवसाची जोडी घातली आणि पुन्हा वर गेली. यावेळी गोठलेल्या तुकड्यावर दोन्हीकडे टरटर. मी खालून बघत होते. स्कीची टोकं फडफडताना दिसत होती, आणि तिचे गुडघे त्यांच्या वर स्वस्थ होते, शिडाच्या होडीतला माणूस बसावा तसे. मग ती जंगलाच्या कडेला वळली. तिथे मऊ बर्फ होता. त्यात ती जोडी अशी उलगडत गेली, की पत्र्याची तशी कधीच गेली नसती.

शेवटच्या फेरीनंतर ती माझ्याजवळ येऊन थांबली आणि उजवा गुडघा धरला.

"दुखतोय?" मी विचारलं.

"हो." तिच्या चेहऱ्यावर विचित्र भाव होता, धड आनंद नाही, धड दुःख नाही. "हे दुखणं आहे. आतून येतंय. ती थरथर खालून येत होती. तीन दिवस मला हा फरक कळला नाही."

"खूप दुखतोय?"

"नेहमीसारखा. म्हणजे मला वाटतं नेहमीसारखा. आता कशाचीच खात्री देत नाही मी."

विगिलला मात्र उत्तर हवं होतं. तो लिफ्टच्या खांबाला टेकून उभा होता. "आता तरी सांगा. कोणती?"

"पत्र्याची," कासियान म्हणाला. "डोळे मिटून."

"जवसाची," बुर्गी म्हणाली.

"पण ती तर थरथरते! तीन दिवस तू तिच्यापायी रडत होतीस!"

"थरथरते म्हणून तर. पायाखाली काय आहे ते सांगते. तुझी पत्र्याची गुपचूप धरून ठेवते, सगळं ठीक आहे ठीक आहे म्हणते, आणि उशीर झाला की एकदम गुडघ्याला हिसका देते. सुट्टीला येणारा माणूस दुपारी थकलेला असतो. त्याला बोलणारी स्की दे."

"आणि सकाळी काचेवर?"

"सकाळी पत्र्याची बरी," ती म्हणाली, आणि मग स्वतःच वैतागली. "कुठेही चालणारी एकच हवी म्हणतोस. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी काय करू?"

विगिलने आम्हा दोघींकडे आणि कासियानकडे पाहिलं. तीन दिवसांपूर्वी त्याच्यापुढे दोन स्की होत्या. अजूनही दोनच होत्या. तो दोन्ही जोड्या खांद्यावर घेऊन खाली निघाला, आणि अजून त्याने काही ठरवलेलं नाही.

मी बुर्गीबरोबर स्की-शाळेच्या कचेरीत गेले. लाल जाकीट त्याच खुर्चीच्या पाठीवर होतं. रेगिनाने ते उचलूनही ठेवलं नव्हतं.

"गट दिलास कुणाला?" बुर्गीने विचारलं.

"पलीकडच्या खोऱ्यातल्या एकाला विचारलंय. उद्या कळवतो म्हणाला."

"त्याला नाही म्हणून सांग."

रेगिना तिच्याकडे बघत राहिली. "परवा तू म्हणालीस, पाय तुझा राहिला नाही."

"परवा माझ्या एका पायात एक स्की होती आणि दुसऱ्या पायात दुसरी."

"काय?"

"ते राहू दे. ही सांगेल तुला नंतर." तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"बुर्गी, मी माणसं घेऊन जंगलाच्या कडेला जाणाऱ्या बाईबद्दल विचारतेय." या वेळी रेगिनाने सरळ तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. "सांग मला. टिकेल का आठवडाभर?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"परवा मला पक्कं माहीत होतं, की संपला. अगदी शपथेवर सांगितलं असतं. तेव्हा मी चुकले होते. आता मला माहीत नाही." बुर्गीने जाकिटात हात घातले आणि चेन वर ओढली. "लिही नाव. अर्ध्यात दुखला तर तुला पहिला फोन करीन."

 रेगिनाने फोन उचलला आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या त्या माणसाचा नंबर शोधू लागली.